नाव ठेवलं कुणी, ते आधी ठरव

"प्रिय ताई, मी २६ वर्षांची आहे. भांडुपला राहते, फोर्टमधल्या एका ऑफिसात नोकरी करते आणि येता-जाता लोकलमध्ये एक अंतराळ-कादंबरी लिहिते. शनीच्या एन्सेलेडस या चंद्रावर माणसांची तिसरी पिढी राहतेय. तिथलं पाणी भरून जहाजं मंगळापर्यंत जातात आणि वाटेत एका परक्या जमातीशी गाठ पडते. तीन प्रकरणं झाली आणि गाडी नावांवर अडली. आधी कप्तान 'झोरॅक्स' होता आणि जहाज 'थंडरहॉक'. भाऊ म्हणाला, डब केलेलं कार्टून वाटतं. मग सगळं संस्कृत केलं: 'अग्निवीर्य', 'व्योमविजया', 'महाशून्यक'. आता आईला ती पौराणिक मालिका वाटते. परक्यांची नावं 'क्र'थ्झ' अशी आहेत, ती मलाच वाचता येत नाहीत. नायिका पहिल्यापासून सुलभा आहे, पण मैत्रिणीच्या मते सुलभा बँकेत शोभते, अंतराळात नाही. वहीत दोनशे नावं जमलीत, एकही चिकटत नाही. काय करू?
— नावांत अडकलेली, भांडुप"

प्रिय भांडुपकर,

वही आठ दिवस कपाटात ठेव. त्या दोनशे नावांत मला एकच अडचण दिसते: ती सगळी तू ठेवली आहेस. तुझ्या त्या जगात राहणाऱ्या कुणीही ठेवलेली नाहीत. आपल्याकडे बाळाचं नाव आत्या ठेवते, होडीचं नाव नाखवा ठेवतो, स्टेशनचं सरकार ठेवतं आणि पोरांची टोपणनावं गल्ली ठेवते. या चौघांच्या तोंडून येणारी नावं चार घाटांची असतात, आणि ऐकणाऱ्याला न सांगता कळतं की हे कुठून आलं. 'थंडरहॉक' काय किंवा 'व्योमविजया' काय, ऐकल्यावर मागे कुणाचा चेहरा दिसत नाही. नाव सुचण्याआधी ते ठेवणारा माणूस सुचायला हवा.

तू रोज जातेस ती वाटच बघ. जिथे उतरतेस त्या स्टेशनला जुनी माणसं बोरीबंदर म्हणायची, मग व्हीटी झालं, १९९६ पासून सीएसटी आणि २०१७ पासून सीएसएमटी. ही नावं आजही एकाच डब्यात ऐकू येतात, आणि कोण कुठलं घेतो यावरून त्याच्या वयाचा अंदाज बांधता येतो. जेवणाच्या सुट्टीत काळा घोड्यापर्यंत चालत जा. सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा तिथून १९६५ साली हलवला, तो आता राणीच्या बागेत आहे. स्वाराशिवायचा नवा घोडा आला २०१७ मध्ये. मधली बावन्न वर्षं तिथे घोडा नव्हता, पत्ता मात्र काळा घोडाच होता. चर्चगेटला वेस नाही, कारण किल्ल्याची तटबंदी १८६० च्या दशकातच पाडली गेली. धोबीतलावाला तलाव नाही. एल्फिन्स्टन रोडचं २०१८ मध्ये प्रभादेवी झालं, तरी 'एल्फिन्स्टनला उतरतो' म्हणणारे अजून भेटतात.

तुझ्या वस्तीला तीन पिढ्या झाल्या, मग तिथेही असं एक तरी नाव हवं ज्यामागची वस्तू उरलेली नाही. पहिल्या पिढीने बसवलेला पंप केव्हाच मोडीत निघाला, पण चौकाला अजून 'जुना पंप' म्हणतात. हे एक नाव संवादात सहज येऊन गेलं की तुझी वस्ती साठ वर्षांची झाली. इतिहास सांगणारा परिच्छेद मग काढून टाकता येतो.

आता एन्सेलेडस. ही जागा तू निवडलीस याचा मला फार आनंद झाला, कारण नावांच्या दृष्टीने शनीजवळ इतकी श्रीमंत जागा क्वचितच असेल. हा चंद्र जेमतेम ५०० किलोमीटर व्यासाचा, मुंबई–गोवा रस्त्याहूनही आखूड. त्याच्या दक्षिण ध्रुवाजवळ बर्फात चार लांब भेगा आहेत आणि त्यांतून पाण्याची वाफ व हिमकण अवकाशात उडतात. कॅसिनी यानाने २००५ मध्ये ते टिपलं. तुझी जहाजं पाणी भरणार ती तिथेच. त्या भेगांना आधीच नावं मिळालेली आहेत: अलेक्झांड्रिया, कैरो, बगदाद आणि दमास्कस. आंतरराष्ट्रीय खगोल संघ प्रत्येक ग्रहाला आणि चंद्राला नावांसाठी एकेक विषय नेमून देतो. एन्सेलेडसच्या वाट्याला अरबी सुरस गोष्टी आल्या, म्हणून तिथल्या विवरांना अलाद्दीन आणि सिंदबाद अशी नावं आहेत. शुक्राच्या वाट्याला बायकांची नावं आली, आणि तिथे आपल्या डॉ. आनंदीबाई जोशींच्या नावाचं विवर आहे.

तर बगदाद भेगेच्या काठी वस्ती करून राहिलेल्या मराठी घराचं तिसऱ्या पिढीत आडनाव काय होईल? बगदादकर. मोठ्याने म्हणून बघ: सुलभा बगदादकर. चिपळूण न पाहिलेले चिपळूणकर आपल्या ओळखीत असतातच. हिने तर मूळ बगदाद ज्या ग्रहावर आहे तो ग्रहही पाहिलेला नाही. मैत्रिणीला हे पूर्ण नाव ऐकव आणि मग विचार, कुठल्या बँकेत बसवायचं हिला.

यापुढची गोष्ट तुला इंग्रजीतल्या कुठल्याही मार्गदर्शकात मिळणार नाही, कारण ती आपल्या व्याकरणाची आहे. मराठीत नाव एकटं राहत नाही. त्याला ला, ने, चा, वर असं काहीतरी लागतंच, आणि लागताना नावाचं अंग बदलतं. कुर्ला, पण कुर्ल्याला. वडाळा, वडाळ्याचा. पुणे, पुण्याहून. मंगळ, मंगळावर. जे नाव आपण घरात घेतलंय ते असं वळतं. जे अजून दारातच उभं आहे ते ताठ राहतं आणि प्रत्यय त्याच्या शेपटीला नुसता चिकटवावा लागतो. मुंबईत नवा आलेला माणूस 'ठाणेला जायचंय' म्हणतो, इथे मुरलेला 'ठाण्याला' म्हणतो. एका प्रत्ययात माणूस कुठला ते कळतं.

म्हणून तुझ्या प्रत्येक नावाला विभक्ती लावून वाच. 'महाशून्यकाच्या', 'झोरॅक्सने', 'क्र'थ्झला'. जिथे जीभ अडखळते तिथे वाचकही अडखळणार, आणि चारशे पानांत ते नाव दोन हजार वेळा येणार आहे. 'एन्सेलेडसवरून' हा शब्दही रोज बोलायचा नाही. आपण प्लॅटूनचं पलटण केलं, बॉटलची बाटली केली, कंपनीला कुंपणी म्हटलं. तीन पिढ्या त्या बर्फावर राहिलेली माणसं एन्सेलेडस कशाला म्हणतील? मला वाटतं ती 'सेलडा' म्हणतील. सेलड्याला, सेलड्यावर, सेलड्याचं पाणी. मंगळावरून आलेला अधिकारी मात्र 'एन्सेलेडस येथे' म्हणेल, आणि नवी बदली होऊन आलेली नर्स 'सेलडाला' म्हणेल. तुला कुणाची ओळख करून द्यावी लागणार नाही. ती तोंड उघडतील आणि कळेल. सेलडा माझा, तुला आवडला तर घे, नाहीतर स्वतःचा शोध. फक्त तो वळला पाहिजे.

जहाजांकडे येऊ. इथे आधी लिंग ठरव, कारण इंग्रजीत लिहिणाऱ्याला जी सवलत असते ती आपल्याला नाही. 'व्योमविजया' सुटली की सुटलं? जहाज म्हटलंस तर ते, नौका म्हटलंस तर ती, मचवा म्हटलास तर तो. डेक्कन क्वीन जशी 'सुटली', तसं क्रियापद तुझ्या ताफ्यासाठी एकदा ठरव आणि शेवटपर्यंत पाळ. मराठ्यांच्या आरमारात गुराब होती, गलबत होतं, पाल, शिबाड, तरांडं होतं. प्रत्येक शब्दामागे जहाजाचा आकार आणि काम होतं. तुझी पाणी वाहणारी जहाजं कुठल्या जातीची, हे सांगणारा शब्द हवा. माझ्या मनात आला तो 'पखाल'. रेड्याच्या पाठीवरून पाणी वाहून नेणारी कातड्याची पखाल आज फारशी दिसत नाही, पण शब्द मराठी माणसाला अजून ओला लागतो. 'पखाल भरली', 'पखाल सुटली'. एन्सेलेडसची शनीभोवती एक फेरी साधारण ३३ तासांत होते. त्या वेळापत्रकावर सुटणाऱ्या जहाजाला लोक काय म्हणतील, हे तुला लोकलच्या प्रवासिनीला मी सांगायला नको. आपण गाडीला कधी तिच्या नंबराने ओळखतो का? सात बावन्नची स्लो. विरार फास्ट. तशी तिथली 'तेहतिशी'. 'तेहतिशी चुकली, आता उद्या रात्री.'

ही झाली रोजची नावं. कोरून लिहिलेली नावं वेगळी. एखाद्या पहाटे भाऊच्या धक्क्यावर किंवा ससून डॉकला जा आणि होड्यांच्या नाळेवरची, म्हणजे पुढच्या टोकावरची, नावं वाचत उभी राहा. तिथे एकवीरा असते, खंडोबा असतो, कुणाच्या आईचं नाव असतं. ज्या समुद्रातून परत यायची खात्री नाही तिथे माणूस अशीच नावं सोबत नेतो. याच्या उलट आरमाराची तऱ्हा. पहिली विक्रांत ही विमानवाहू नौका १९६१ साली नौदलात आली, १९९७ मध्ये निवृत्त झाली, मुंबईत बरीच वर्षं संग्रहालय म्हणून उभी राहिली आणि २०१४ मध्ये दारूखान्यात, म्हणजे मुंबईत जुनी जहाजं तोडतात तिथे, तोडली गेली. दुसरी विक्रांत २ सप्टेंबर २०२२ ला दाखल झाली. जहाज मोडलं तरी नाव पुढच्या जहाजाकडे जातं, आणि त्याच्यासोबत आधीच्या लढाया, आधीचे खलाशी सगळं जातं. तुझ्या मंगळ सरकारच्या ताफ्यात तिसरी 'व्योमविजया' असू दे, आणि पहिल्या दोघींचं काय झालं हे कुणी बोलत नसू दे. बघ, संस्कृत नाव किती चपखल बसलं. सरकार असंच नाव ठेवणार. आणि 'थंडरहॉक' एखाद्या एकोणीस वर्षांच्या पोराने स्वतःच्या जुन्या होडक्यावर रंगवलेलं असू दे, मला त्या पोराबद्दल लगेच वाचावंसं वाटेल.

नाव लागतं का, हाही प्रश्न आहे. अमेरिकेच्या सुरुवातीच्या अवकाशयानांना नावं होती, मग मध्ये ती प्रथा थांबवली. मार्च १९६९ मध्ये अपोलो ९ ला ती परत आणावी लागली, कारण त्या मोहिमेत एकाच वेळी दोन यानं सुटी सुटी उडणार होती आणि रेडिओवर दोघांना एकच नाव चाललं नसतं. एकाला त्याच्या आकारावरून गमड्रॉप म्हणजे चघळायची गोळी म्हटलं, दुसऱ्याला स्पायडर म्हणजे जाळं विणणारा कोळी. तू तुझ्या ताफ्यातल्या जहाजांची नावं डोळे मिटून कानाने तपास. संकटाच्या प्रसंगी खरखरीतून 'वसुधा' आणि 'वसुदा' ऐकू आलं तर कुणी तरी मरेल. (कथेत ते मुद्दाम करायचं असेल तर कर.) हेच माणसांनाही लागू. सुलभा असताना सुरेखा आणि सुनंदा नकोत; देवनागरीत वाचणारा पहिल्या अक्षराच्या आकारावर पुढे सरकतो आणि तीन 'सु' त्याला एकच बाई वाटतात.

माणसांच्या नावांबद्दल मला सर्वांत जास्त बोलायचं आहे, कारण तिथे आपल्या मातीत जे आहे ते तू अजून हातच लावलेलं नाहीस. ज्या घरात मुलं जगत नसत तिथे पुढच्या मुलाचं नाव दगडू, धोंडू, केरू, कचरू, भिकू ठेवायचे. दृष्ट लागू नये, मरणाला ते टाकाऊ वाटावं, म्हणून. तुझ्या पहिल्या पिढीने हवा आणि उष्णता दोन्ही अपुरी असताना बाळंतपणं केली असतील. त्या पिढीतल्या आजोबांचं नाव कचरू असेल आणि नातीला त्याची लाज वाटत असेल, तर मग एके दिवशी तिला ते का ठेवलं ते कळलं पाहिजे. आपल्याकडे मुली नकोशा झाल्या म्हणून त्यांना 'नकुशी' म्हटलं गेलं. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींची नावं समारंभाने बदलली. नाव बदलण्याचा तो दिवस काय असतो, यावर एक अख्खं प्रकरण उभं राहील. लग्नात तांदळावर लिहिलं जाणारं नवं नाव, नवऱ्याचं नाव उखाण्यातच घेणारी आजी, आजोबांचं नाव नातवाला देणं: यातलं काय त्या बर्फावर टिकलं आणि काय गळून पडलं, हे ठरवलंस की नावं आपोआप येतील. झोरॅक्सही मग राहू शकतो. तो गणपत म्हणून जन्मला आणि मंगळावर नोकरी मिळेना म्हणून झोरॅक्स झाला, असं असेल तर त्याच्या आईने त्याला फोनवर गणप्या म्हटल्यावर काय होतं, ते मला वाचायचं आहे.

संस्कृत नकोच, असं मी म्हणत नाही. आपल्या खगोल अभ्यासकांनी ग्रीक तारकासमूहांना मराठीत आणलं तेव्हा नुसते उच्चार उचलले नाहीत. कॅसिओपिया, अँड्रोमेडा, पर्सियस आणि सीफियस हे एका राजघराण्याचे लोक, म्हणून त्यांच्या जागी महाभारतातलं एक गुंतागुंतीचं घर बसवलं: शर्मिष्ठा, देवयानी, ययाती आणि वृषपर्वा. नात्यांसकट आणलं, म्हणून ती नावं टिकली. २०१९ मध्ये भारताच्या वाट्याला एक तारा आणि त्याचा ग्रह नाव देण्यासाठी आला, तेव्हा ताऱ्याला बिभा म्हटलं, भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरी यांच्यावरून. त्यांनी मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलं होतं. ग्रहाचं नाव संतमस. ढगाळ वातावरणाच्या कल्पनेवरून घेतलेलं हे संस्कृत नाव मला फार आवडतं. 'अग्निवीर्य'मध्ये नुसता दणका आहे. संतमस म्हटलं की आत शिरून बघावंसं वाटतं.

राहिले परके. 'क्र'थ्झ'मधलं ते स्वल्पविरामासारखं चिन्ह काढून टाक, देवनागरीत त्याला उच्चार नाही. त्याऐवजी आपल्याकडे जे आहे ते वापर. आपली वर्णमाला तोंडाच्या आतल्या जागांप्रमाणे लावलेली आहे: क-वर्ग घशाशी, च-वर्ग टाळूशी, मग ट, मग त, आणि शेवटी ओठांवर प-वर्ग. कागदावर सगळी अक्षरं लिही आणि परक्यांना जो अवयव नाही त्याची ओळ खोड. समज त्यांना ओठच नाहीत. मग प, फ, ब, भ, म गेले, व गेला, आणि ओठांचा गोल करावा लागतो ते उ, ऊ, ओ, औ गेले. आता त्यांना पृथ्वी म्हणता येत नाही, मंगळ म्हणता येत नाही, माणूस, बाबा, मुंबई काहीच नाही. पाण्याचा व्यवहार करायला आलेत आणि 'पाणी' म्हणता येत नाही, म्हणून दुभाष्याने त्यांना 'जल' शिकवलंय, ते जमतं. 'सेलडा' जमतं. 'आई' जमतं. त्यांची स्वतःची नावं उरलेल्या अक्षरांतूनच बनव: 'ठिर्णक', 'अशेळ', 'हिडगी'. वाचकाला नियम सांगू नकोस, चौथ्या-पाचव्या नावानंतर त्याच्या कानाला तो कळतो. दुसरी एखादी जमात आणलीस तर तिच्यासाठी दुसरी ओळ खोड.

पुढे जाण्यासाठी एक करून बघ. जिथे नाव सुचणार नाही तिथे रिकामी जागा सोडू नकोस आणि वहीही उघडू नकोस. तिथे ठेवणाऱ्याचं नातं लिही. '[आत्याने ठेवलेलं]', '[मंगळ सरकारने बदललेलं]', '[पोरं चिडवतात ते]'. लिहिताना तेवढं पुरतं, आणि दहा पानांनंतर मागे वळशील तेव्हा बरीचशी नावं त्या कंसांत आपणहून येऊन बसलेली असतील.

सुलभाचं नाव बदलू नकोस. ते ठेवणारी आत्या मला दिसते: तिच्या सेलड्यावर सोपं असं काहीच नव्हतं, म्हणून तिने भाचीला हे नाव दिलं. परक्यांना मात्र ते म्हणता येणार नाही. त्यात एक उ आहे आणि एक भ. ते फार तर 'सलहा' म्हणतील. ते तिला पहिल्यांदा सलहा अशी हाक मारतात, तो प्रसंग आज परतीच्या गाडीत लिहायला घे.